मॉर्टलेकचा दगडी तंबू आणि भिड्यांचा भ

मी लंडनमध्ये गाईडचं काम करते, बहुतेक मराठी मंडळींचे ग्रुप असतात. मागच्या सप्टेंबरात एका ताईंचा फोन आला, म्हणाल्या बाबा साताऱ्याहून आलेत, 78 वर्षांचे आहेत, त्यांना बकिंगहॅम राजवाडा वगैरे काही बघायचं नाहीये, एकच जागा बघायचीय आणि ती आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. मॉर्टलेक. मी म्हटलं मला माहितीये, रिचर्ड बर्टनचं थडगं, तो एकोणिसाव्या शतकातला इंग्रज प्रवासी आणि भाषापंडित.

वॉटर्लूहून ट्रेन पकडली. बाबा म्हणजे निवृत्त शिक्षक, मी लगेच सर म्हणायला लागले. शाळेनंतर त्यांनी आयुष्यभर एक वेगळंच काम केलं होतं, परप्रांतातून महाराष्ट्रात आलेल्या सरकारी अधिकाऱ्यांना मराठी शिकवायचं, त्यांना मराठीची परीक्षा पास व्हावी लागते ना, त्यासाठी. शिवाय बँकवाले, रेल्वेवाले, मोठमोठे साहेब त्यांच्याकडे अ आ इ पासून शिकले.

मी माझं नेहमीचं सुरू केलं. बर्टनचा 1821 चा जन्म, ऑक्सफर्डमधून काढून टाकलं, 1842 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती होऊन मुंबईत उतरला, बडोद्याच्या पलटणीत गेला. तिथे भाषा शिकायचं वेडच लागलं त्याला. हिंदुस्तानी, गुजराती, मराठी, फारसी, सिंधी, एकेक परीक्षा देत गेला आणि पलटणीचा दुभाषा झाला. एका वेळी पंधरा मिनिटांच्यावर अभ्यास करायचा नाही, कारण त्यानंतर डोकं ताजं राहत नाही, ही त्याची पद्धत. सर म्हणाले, अगदी बरोबर आहे, मी साहेबांना हेच सांगायचो, ते ऐकायचे नाहीत.

मग मक्का. 1853 मध्ये तो वेश बदलून हजला गेला ते सगळ्यांना सांगायला मला फार आवडतं कारण त्यात भाषेचीच गंमत आहे. आधी इराणी बनला होता, मग विचार बदलला आणि हिंदुस्थानात वाढलेला पठाण झाला, म्हणजे अरबी बोलताना जीभ कुठे अडखळली किंवा फारशीत हेल वेगळा लागला तरी लोक म्हणतील, हिंदुस्थानातला आहे, असायचंच. आणि परत आल्यावर त्या यात्रेचं पुस्तक लिहायला तो बसला कुठे, तर मुंबईत! सरांना हे माहीत नव्हतं, ते खिडकीतून बाहेर बघत होते ते एकदम माझ्याकडे वळले.

तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आणि याला शिकवायचं कोण?"

मी आठ वर्षं या माणसाबद्दल बोलतेय. एकोणतीस भाषा येत होत्या हे सांगते, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या बर्बेराला भाला एका गालातून घुसून दुसऱ्या गालातून बाहेर आला ते सांगते, हे मला कुणी कधीच विचारलं नव्हतं. नाव मात्र वाचलेलं होतं, तेव्हा सांगितलं. मुंबईत हिंदुस्तानी शिकवायला एक पारशी मुन्शी होते, दोसाभाई सोराबजी. सरांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि लिहून घेतलं. म्हणाले, "अजून?"

मग मला सिदी मुबारक बॉम्बे आठवला. आफ्रिकेतल्या याओ जमातीचा मुलगा, लहानपणी गुलाम म्हणून पकडला गेला, विकला गेला, हिंदुस्थानात वीसेक वर्षं काढली, मालक मेल्यावर सुटला आणि झांझिबारला परत गेला. बर्टन आणि त्याचा सहप्रवासी स्पीक आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराकडे निघाले तेव्हा तो त्यांच्याबरोबर होता आणि स्पीकचं त्याच्याशी बोलणं चालायचं ते मोडक्यातोडक्या हिंदुस्तानीत! 13 फेब्रुवारी 1858 ला टेकडीवरून समोर एक चकाकती रेघ दिसली, बर्टनने विचारलं ते काय चमकतंय, आणि मुबारकने सांगितलं की ते पाणी असावं. स्पीकला तर डोळे आलेले, त्याला धड काही दिसतही नव्हतं. म्हणजे ते सरोवर आधी हिंदुस्थानात राहून आलेल्या माणसाच्या तोंडून कळलं. सरांनी हेही लिहिलं.

मॉर्टलेक स्टेशनला उतरलात की लगेच फाटक लागतं, तिथून चालत थोड्या अंतरावर सेंट मेरी मॅग्डालेनचं कॅथलिक चर्च. मागे स्मशानभूमी, नेहमीचे क्रूस आणि झुकलेले दगड, आणि त्यांच्या मधोमध साधारण 18 फूट उंच अरबी तंबू. दगडाचा. पण कापडाला पडतात तशा चुण्या कोरल्यात, सर हात लावून बघत होते, एका चुणीवरून बोट वरपासून खालपर्यंत नेलं त्यांनी. नवरा-बायको दोघांनी तंबूतच शेजारी शेजारी विसावावं अशी बर्टनची इच्छा होती, 20 ऑक्टोबर 1890 ला तो आज इटलीत असलेल्या ट्रिएस्टमध्ये वारला आणि बायकोने, इझाबेलने, हे बांधून घेतलं, ती 1896 मध्ये गेल्यावर तिलाही इथेच ठेवलं. तिनेच त्याचं शेवटचं हस्तलिखित आणि कित्येक वर्षांच्या डायऱ्या जाळल्या, हे सांगताना मला दर वेळी पोटात कालवतं.

मागच्या बाजूला लोखंडी शिडी आहे, वर चढलं की काचेतून आत दिसतं. सरांचे गुडघे दुखत होते. मी चढले आणि फोनवर व्हिडिओ काढून आणला. दोन शवपेट्या, छोटी वेदी, लटकते दिवे, उंटाच्या गळ्यातल्या घंटा, सगळ्यावर धूळ. सरांनी तो तीनदा पाहिला, मग विचारलं, मराठी माणूस कुणी होता का याच्या आसपास?

होता. मला जरा संकोच वाटला कारण पुस्तक कामसूत्र, आणि समोर वडलांच्या वयाचे गृहस्थ. पण सरच म्हणाले, अगं शास्त्रग्रंथ आहे तो, सांग.

तर 1883 मध्ये बर्टन आणि मुंबई इलाख्यात कलेक्टर राहिलेला त्याचा मित्र आर्बथनॉट यांनी कामसूत्राचं इंग्रजी भाषांतर खासगीत छापलं. जग त्याला बर्टनचं कामसूत्र म्हणतं. खरं काम कुणाचं? पंडित भगवानलाल इंद्रजींचं. मुंबईतली पोथी अपुरी आणि चुकांनी भरलेली निघाली तेव्हा काशी, कलकत्ता, जयपूरहून पोथ्या मागवल्या, ओळ न् ओळ ताडून पाहिली, ग्रंथावरच्या जुन्या भाष्याच्या आधारे शुद्ध प्रत तयार केली. हेच भगवानलाल ज्यांनी नाणेघाटातले लेख वाचले आणि 1882 मध्ये मुंबईजवळच्या सोपाऱ्याचा स्तूप खणला. आणि त्यांच्याबरोबर भाषांतराला बसलेला तरुण, शिवराम परशुराम भिडे. बर्टनने शेवटी इंग्रजीवर हात फिरवला. मुखपृष्ठावर भिड्यांचं नाव नाही.

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या एका विद्यार्थ्याने परवा मंत्रालयात मराठीत भाषण केलं. टाळ्या पडल्या. मला कुणीतरी व्हिडिओ पाठवला तेव्हा कळलं." तक्रारीचा सूर अजिबात नव्हता, त्यांना आनंदच झाला होता त्या भाषणाचा, तो दिसत होता. पण डायरी मात्र छातीशी धरलेली.

तेवढ्यात एक इंग्रज बाई आल्या, तिथल्याच असाव्यात, हातात कुत्र्याची दोरी. शिडीकडे बघून विचारलं वर चढलात का. सरांनी मला मराठीत सांगितलं, यांना सांग, आणि मी सांगत गेले, दोसाभाई, सिदी मुबारक, भगवानलाल, सर एकेक नाव डायरीतून वाचायचे आणि मी इंग्रजीत पुढचं जोडायचे. बाई मन लावून ऐकत होत्या. शेवटचं नाव त्यांना नीट म्हणायचं होतं. बिडे, म्हणाल्या.

सरांनी मान हलवली. कुत्र्याची दोरी मला धरायला सांगितली, बाईंचा तळवा त्यांच्याच तोंडासमोर धरायला लावला आणि स्वतःचाही आपल्या तोंडासमोर धरला. ब म्हणताना हाताला फारसं काही लागत नाही. भ म्हणताना वारा लागला पाहिजे. करून दाखवलं. बाईंनी केलं, वारा नाही. परत. हनुवटी थोडी खाली, पोटातून, सर सांगतायत आणि मी भाषांतर करतेय, मागे दगडी तंबू. तिसऱ्यांदा थोडा. चौथ्यांदा बाईंनी एकदम हाताकडे पाहिलं.

"भिडे," त्या म्हणाल्या.

"हां," सर म्हणाले, "आता शिवराम परशुरामसकट."