केळव्याहून ठाण्याला येताना गायमुख घाटात ब्रेक जाम

केळव्याचा मुक्काम छान झाला. समुद्र, सुरूची झाडं, पापलेट, सगळं यथास्थित. लिहायचंय ते परतीच्या घोडबंदर रस्त्याबद्दल. तिथे मला आधी घाटाने आणि मग माणसांनी घाम फोडला.

जाताना पहाटे रस्ता मोकळा होता, ब्रेक फारसा लागलाच नाही. परतीला घोडबंदर रस्ता जिथे सुरू होतो त्या फाउंटन हॉटेलपासूनच रांग. काजुपाड्याच्या चढाला गाडी जड वाटायला लागली. ॲक्सिलरेटर सोडला की कोणीतरी दोरीने मागे खेचल्यासारखी जागीच थांबायची. ब्रेकचं पेडल वरच्यावर कडक झालं, पाय टेकवला की ब्रेक. मग लायनर जळाल्याचा वास आणि पुढच्या दोन्ही चाकांतून धूर. 'घाटात गाडी जड चालतेच' असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. गाडी तिथल्या तिथे कडेला घ्या. तापलेल्या ब्रेकने गायमुखचा उतार उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. नवं डॉट 3 दर्जाचं ब्रेक ऑइल 205 अंशांना उकळतं, ओल शोषलेलं जुनं 140 च्या आसपास. ऑइल उकळलं की तेच कडक पेडल थेट तळाला जातं.

गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नका. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवर पाणी ओतायला कोणीतरी बाटली घेऊन येईलच, त्याला थांबवा. पाण्याने ती वाकते, तडकते.

अर्ध्या तासाने गाडी हाताने ढकलली तरी सरकत होती. सगळे फसतात ते इथेच. टोचनवाल्याने कासारवडवलीपर्यंतचे साडेचार हजार मागितले. अंतर काही किलोमीटरचं! तिथल्या गॅरेजात गाडी पोचली तेव्हा पूर्ण थंड, चाकं मोकळी. तरीही फैसला झाला: दोन्ही कॅलिपर (डिस्कवर पॅड आवळणारे चिमटे), डिस्क, पॅड, अठरा हजार. एकही चाक न उघडता. मी गाडी तिथून हलवली.

तपास गाडी जाम असतानाच करायचा असतो. पाने आणि जॅक जवळ असतीलच. आधी पेडल पायाच्या बोटांनी वर उचलून बघा; मॅट अडकलेली असते किंवा ब्रेक लाइटचा स्विच पेडल दाबून धरतो. मग कुठलं चाक तापलंय ते हात लांब ठेवूनच पाहा. एकच तापलं असेल तर त्या चाकाचा कॅलिपर, तो ज्यांवर सरकतो त्या सुकलेल्या पिना किंवा आतून फुगलेला होज, म्हणजे ऑइलची रबरी नळी. दोन्ही किंवा चारही तापली असतील तर दोष वर, पेडल दाबल्यावर सगळ्या चाकांकडे ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे.

आता जाम चाकाचं निपल, म्हणजे कॅलिपरवरचा ऑइल काढायचा स्क्रू, अर्धा फेरा उघडा. तोंड बाजूला ठेवा, ऑइल उकळतं असतं आणि रंगही खातं. पिचकारी उडून चाक सुटलं, तर दाब अडकला होता. सुटलं नाही तर मात्र कॅलिपर किंवा पिना. दाब अडकला असेल तर बूस्टरवरचे (पेडलचा जोर वाढवणारा डबा) मास्टर सिलिंडरचे दोन नट थोडे सैल करून बघायचे. त्याने चाकं सुटली तर बूस्टरमधून सिलिंडरचा पिस्टन ढकलणारा पुशरॉड लांब आहे. नट सैल ठेवून गाडी चालवू नका.

माझं नेमकं हेच निघालं. सहलीच्या आधी बूस्टर बदलला होता आणि बसवणाऱ्याने पुशरॉडची सेटिंग तपासलीच नव्हती. पिस्टन पूर्ण मागे येत नव्हता, त्यामुळे ऑइलला डब्यात परतायचं बारीक छिद्र बंद राहत होतं. गर्दीत ब्रेक लागत गेला, ऑइल तापून फुगलं, त्याने ब्रेक आणखी आवळला, आणखी ताप. मोकळ्या रस्त्यावर हे कधीच दिसलं नसतं. वागळे इस्टेटच्या मिस्त्रीने गाडी मुद्दाम गर्दीत फिरवून तापवली, जाम केली, निपल उघडलं, नट सैल केले, आणि निदान माझ्यासमोर दाखवलं. रॉड आखूड केला, ऑइल बदललं, मजुरी सहाशे. असा माणूस भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

ब्रेक ऑइलच्या डब्यात कोणी इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल घातलंय का, तेही बघून घ्या. झाकणातलं रबर फुगून पुन्हा बसत नसेल तर घातलंय. मग सेटिंगने भागणार नाही. सिलिंडरपासून होजपर्यंत सगळं रबर बदलावं लागेल, आणि तिथे मोठं बिल खरं असतं.