व वाघाचा

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. 2016 साली मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर रुजू झालो. निघताना ओळखीचे शिक्षक म्हणाले होते, "तिकडची पोरं बोलतच नाहीत." पहिले पंधरा दिवस मलाही तसंच वाटलं. वही काढा म्हटलं की पहिलीची मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. सुट्टी झाली की मात्र शाळेमागे त्यांचा नुसता कलकलाट.

तो कलकलाट कोरकू भाषेत असायचा. कोरकू मराठीच्या कुळातली नाही, गोंडीच्याही नाही. तिचं नातं लागतं थेट झारखंडातल्या मुंडारी-संथालीशी. शिक्षण हक्क कायदा म्हणतो, शक्य तिथवर मुलाला मातृभाषेतून शिकवा. माझ्या हातात मात्र मराठीचं पुस्तक, आणि कोरकूचा एक शब्दही मला येत नव्हता.

जुलैत मुळाक्षरांचा तक्ता घेतला. चित्रावर पट्टी ठेवून विचारलं, "हे काय?" कधी तोंड न उघडणारा एक मुलगा मोठ्यानं म्हणाला, "कुला!"

मराठीत या शब्दाचा अर्थ काय, ते सांगायला नको. मला वाटलं, पोरगं वात्रटपणा करतंय. दंडाला धरून त्याला वर्गाबाहेर उभं केलं. तो रडला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवसापासून त्याचं शाळेत येणं बंद झालं.

आठवडाभरानं अंगणवाडीच्या मदतनीस ताईंकडे विषय काढला. त्या स्वतः कोरकू. क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "गुरुजी, कुला म्हणजे वाघ."

माझ्या वर्गात आलेलं ते पहिलं बरोबर उत्तर होतं, आणि मी त्याची शिक्षा दिली होती.

संध्याकाळी ताईंना घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांची माफी मागितली, मग त्याची. वडिलांनी बाज टाकली, चहा ठेवला. आपण वाघोबा म्हणतो तसं ते वाघाला कुला मामा म्हणतात, हे मला त्या बाजेवर बसून कळलं. मुलगा दाराआडून ऐकत होता. मी खिशातली वही काढली आणि त्यालाच विचारलं, पाण्याला काय म्हणतात? बराच वेळ गेला. मग आतून आवाज आला, "दा."

त्या वहीत रोज पाच शब्द लिहायचे, असं ठरवलं. माझे उच्चार मुलं दुरुस्त करायची, मी चुकलो की सगळा वर्ग एका सुरात सांगायचा. मिया, बारी, आफई म्हणत खडे मोजले, त्यानंतर एक, दोन, तीन. बेरीज त्यांना आधीपासून येत होती, अडत होतं फक्त आकड्यांच्या नावांवर. दिवाळीनंतर काही घरं मजुरीला बाहेर पडली, पटावरची मुलं घटली. त्यावर माझ्याकडे काही उपाय नव्हता आणि आजही नाही. पण होळीला परतलेली मुलं दुसऱ्या दिवशी आपणहून वर्गात येऊन बसली.

तक्त्यावर आता प्रत्येक चित्राखाली दोन शब्द आहेत. दोन वर्षांनी जूनमध्ये पहिलीची नवी मुलं आली, तेव्हा तोच मुलगा पट्टी घेऊन त्यांच्यापुढे उभा होता. वाघापाशी येऊन तो थांबला आणि माझ्याकडे बघितलं.

"कुला," मी म्हणालो.

"कुला," तो म्हणाला. "वाघ."

आणि पट्टी पुढच्या चित्रावर ठेवली.