कॉम्प्युटर सायन्स घेताय? आधी भरतीची पात्रता वाचा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात बारावीनंतर कॉम्प्युटरकडे वळणारी मुलं बहुतेकदा एसटीने रोज जाऊन-येऊन करता येईल असं कॉलेज बघतात. खर्चाचा विचार केला तर ते योग्यच. पण बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, बीसीए आणि बी.ई. या तिन्हींवर सारख्याच नोकऱ्या मिळतात, असं धरून चालू नका.

बँकेचंच घ्या. सरकारी बँकांची भरती घेणाऱ्या आयबीपीएसच्या स्पेशालिस्ट ऑफिसर भरतीत आयटी ऑफिसरला संबंधित शाखेची चार वर्षांची इंजिनिअरिंगची पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण लागतं. तीन वर्षांच्या पदवीवर अर्ज करायचा तर जोडीला नाइलिट (पूर्वीची डोएक) या सरकारी संस्थेची ‘बी’ लेव्हल परीक्षा पास हवी. दोन वर्षांचं एमसीए केलं की ही अडचण सुटते. गेटला, म्हणजे एम.टेक. प्रवेशासाठीच्या राष्ट्रीय परीक्षेला, बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षातही बसता येतं आणि स्कोअर ३ वर्षं चालतो. मात्र त्यावर भरती करणाऱ्या सरकारी कंपन्या सहसा इंजिनिअरिंगचीच पदवी मागतात. खासगी कंपन्या बी.एस्सी., बीसीएवाल्यांना घेतात, टेस्टिंग आणि सपोर्टच्या कामाला तर भरपूर. तिथे दहावीपासून ६० टक्के आणि एकही केटी (नापास झालेला विषय) बाकी नको, ही अट वारंवार दिसते. म्हणून पहिल्या सेमिस्टरची केटी शेवटच्या वर्षापर्यंत ओढू नका.

मुलाखतीत सगळ्यात जास्त प्रश्न शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवर येतात, आणि इथेच आपली मुलं मार खातात. विकत आणलेलं ‘लायब्ररी मॅनेजमेंट’ दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं. त्यापेक्षा ओळखीच्या एका बागायतदारासाठी हापूसच्या पेट्यांच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर करा. डेटाबेसमध्ये ग्राहक, ऑर्डर, पेटी, पैसे असे चार टेबल पुरेत. चार डझनी आणि पाच डझनी पेटीचा साठा वेगळा ठेवा. एकच पेटी उरली असताना दोघांनी एकाच क्षणी ऑर्डर दिली तर? साठा तपासणं आणि कमी करणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, अशा एका टप्प्यात), टेबलमधली त्या साठ्याची ओळ लॉक करून झालं नाही, तर ती पेटी दोघांनाही विकली जाते. रक्कम फ्लोटमध्ये (अंदाजे साठवल्या जाणाऱ्या दशांश संख्येत) ठेवलीत तर हिशेबात पैशांचा फरक पडतो. ती पूर्णांकात, रुपयांऐवजी पैशांमध्ये ठेवा. मायएसक्यूएल या डेटाबेसचं टेबल लॅटिन१ या अक्षरसंचात असेल तर मराठी नावं साठवताना एरर येते किंवा त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात, म्हणून यूटीएफ८एमबी४ हा अक्षरसंच निवडा. कोड रोज थोडाथोडा गिटहबवर (कोड ठेवायच्या वेबसाइटवर) चढवा. एकाच दिवशी सगळा चढवला की संशय येतो. आणि खऱ्या बागायतदाराने हंगामात ते वापरलं, तर मुलाखतीत सांगण्यासारखं बरंच काही मिळतं. अशी कामं काजू कारखान्यांत, होमस्टेवाल्यांकडेही आहेत. पैसे थोडे, पण अनुभव खरा.

शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी कंपन्यांच्या ऑनलाइन भरती परीक्षा बऱ्याचदा जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतात, म्हणजे ऐन पावसात. झाड पडलं की वीज आणि फायबर दोन्ही जातात. राउटरला छोटा यूपीएस लावा, लॅपटॉप पूर्ण चार्ज ठेवा आणि दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्या फोनचा हॉटस्पॉट आदल्या दिवशीच जोडून बघा. वीज बराच वेळ गेली तर टॉवरही बंद पडतो, त्यामुळे शक्य असेल तर जनरेटर असलेल्या कॉलेजच्या लॅबमध्ये बसायची परवानगी आधीच घेऊन ठेवा.