त्या घरात बेरोजगार कुणीच नाही

मी पीएलएफएसचा, म्हणजे केंद्र सरकारच्या रोजगार-बेरोजगारी मोजणाऱ्या सर्वेक्षणाचा, फील्डवाला. म्हणजे टीव्हीवर देशाची बेरोजगारी इतके टक्के म्हणून जो आकडा येतो ना, तो आमच्यासारख्या कंत्राटी पोरांच्या टॅबमधून वर जातो. गावात गेलं की पहिली १५ मिनिटं हेच सांगण्यात जातात की मी लाडकी बहीणच्या चौकशीला आलो नाही आणि घरकुलाचा फॉर्मही माझ्याकडे नाही.

संगमनेर तालुक्यातलं घर, सगळा दुधाचा पट्टा. मालक कुठंतरी बाहेर गेलेले. मावशी हात पुसत आल्या. विचारलं, काम काय करता? "मी काय करणार दादा, घरीच असते." आता इथं ९२ कोड, फक्त घरकाम, टाकून पुढं सरकता येतं, आणि दिवसाचं टार्गेट असलं की बरेच जण सरकतात, खोटं कशाला बोलू. पण मी बाईला "काम करता का" असं विचारतच नाही आता, चुकून तोंडातून गेलं होतं. गोठ्यात पहाटे कोण जातं? धार कोण काढतं, कुट्टी कोण करतं, शेण कोण काढतं? सगळ्याला उत्तर एकच, "मीच की." पाच एचएफ (होल्स्टीन) गाई! गेल्या सात दिवसांचे तास एकेक दिवस विचारून मांडले तर रोजचे सहाच्या खाली येईनात. कोड २१, घरच्या धंद्यात बिनपगारी मदत. लगेच मावशींचा चेहरा पडला, "कामाला लावलं म्हणून पंधराशे बंद नाय ना होणार?"

मग पोरगा. बीएस्सी झालेला, पोलीस भरतीचा फॉर्म भरलेला, पहाटे पळायला जातो. म्हणाला, "लिहा बेरोजगार, ठळक लिहा." वर्षाच्या हिशोबात मुख्य कोड ८१ पडला, काम शोधतोय म्हणून. पण रोज सकाळ-संध्याकाळ कॅन गाडीला लावून संकलन केंद्रावर तोच जातो, तिथं फॅट लागेपर्यंत थांबतो. वर्षात ३० दिवस किंवा जास्त असं काम म्हणजे दुय्यम कोड २१, आणि आठवड्याच्या हिशोबात तर एका दिवशी एक तास केलं तरी रोजगारात. म्हणजे जी आई म्हणते मी काहीच करत नाही ती कामगार, जो पोरगा म्हणतो मी बेरोजगार तोही कामगार. नियमाप्रमाणे चोख भरलंय मी, सुपरवायझरनं एक शंका काढली नाही.

१५ वर्षं आणि वरच्या बायकांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या २०१७-१८ ला २३.३ टक्के होत्या, २०२३-२४ ला ४१.७. बेरोजगारी ६.० वरून ३.२. भाषणात हे आकडे आले की मला तो गोठा दिसतो. मावशींना मोजलं हे चांगलंच झालं, आधीच मोजायला हवं होतं, पण त्या काय २०२३-२४ लाच कामाला लागल्या होत्या का? आणि त्या पोराला नोकरी पाहिजे हे त्या ३.२ मध्ये कुठंच नाही. बिनपगारी मदतीचा आकडा वेगळा छापतात, तो वाचायचे कष्ट धोरणवाले घेतात का देव जाणे.

निघताना पोरानं विचारलं, "मग माझं काय टाकलं?" सांगितलं. जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "पगार किती टाकला माझा?"

२१ ला कमाईचा रकानाच उघडत नाही. दुधाचं पेमेंट सगळं वडलांच्या नावावर, कोड ११, स्वतःचा धंदा, त्याखाली.