खडू कोणाच्या हातात होता

मंगळवार, रात्री उशिरा

'डे वॉच' हा रशियन चित्रपट परत पाहिला, उजेडाच्या आणि अंधाराच्या जादूगारांचा, 'नाइट वॉच'चा पुढचा भाग. सगळा पाहायचा नव्हता. त्यातल्या अलिसा या चेटकिणीची ती लाल गाडी कॉसमॉस हॉटेलच्या भिंतीवरून धावते तेवढंच पाहून झोपायचं असं ठरवलं होतं. मॉस्कोतल्या 1980च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं ते अर्धगोल, अवाढव्य हॉटेल. त्याच्या दर्शनी बाजूच्या खिडक्यांवरून गाडी आडवी सुसाट जाते, वळते आणि काच फोडून थेट आतल्या मार्गिकेत शिरते. मन थाऱ्यावर नसलं की मी हा प्रसंग लावते. आज मात्र गाडी आत गेली तरी बंद केला नाही. शेवटापर्यंत बसून राहिले, आणि शेवटानेच सगळं बिघडवलं.

शेवट मला पाठ आहे. मॉस्को पडलेलं आहे. येगोरने, नायक अंतोनच्या मुलाने, नुसता हातातला चेंडू खेळवला आणि शहर कोसळलं. ओस्तान्किनोचा टीव्ही मनोरा गेला, आकाशपाळणा सुटून रस्त्यातून गडगडत गेला. अंतोन त्या पडक्या घरात पोचतो, जिथे 1992 साली तो दार्या नावाच्या चेटकिणीकडे गेला होता, बायको परत यावी म्हणून. पोटातलं मूल जाईल हे कळूनही त्या दिवशी तो हो म्हणाला होता. आता त्याच्याकडे नशिबाचा खडू आहे, त्याने लिहिलं की घडून गेलेलंही बदलतं. भिंतीवर तो तीन रशियन अक्षरं लिहितो. नाही. बस्स. शहर पुन्हा उभं राहतं, साल पुन्हा 1992 होतं आणि या वेळी तो चेटकिणीला नकार देऊन बाहेर पडतो. बाहेर त्याची सहकारी स्वेतलाना भेटते. ती त्याला ओळखत नाही, तोही तिला ओळखत नाही. उजेडवाल्यांचा प्रमुख गेसेर आणि अंधारवाल्यांचा प्रमुख झावुलोन बाकावर बसून बघत असतात.

आधी पाहिला तेव्हा मला हा शेवट सुखाचा वाटला होता. आज वाटला नाही. आज मी सारखी स्वेतलानाकडे पाहत होते आणि छातीत काहीतरी अडकल्यासारखं झालं. तिला कोणी विचारलं?

तिने त्याच्यावर जीव लावला होता. तो जादूने ऑल्गा या सहकारिणीच्या देहात अडकलेला असताना, समोर ऑल्गाच आहे अशा समजुतीने तिने त्याच्याबद्दलचं सगळं त्याच्याच पुढ्यात बोलून टाकलं. मारिया पोरोशिनाने ते किती साधं केलंय. आधी थोडी बिचकते, मग बोलायला लागते ती थांबतच नाही, सांगून हलकी होते. ते बोलणं तिचं होतं. नाइट वॉचमधलं, म्हणजे उजेडवाल्यांच्या गस्तीतलं, तिचं शिकणं, हळूहळू जागी झालेली तिची ताकद, त्या पिवळ्या सरकारी ट्रकमधल्या रात्री, सगळं तिचं होतं. एका माणसाने भिंतीवर एक शब्द लिहिला आणि ते कधी घडलंच नाही असं झालं. त्याची चूक त्याने सुधारली हे मान्य. पण पुसलं गेलं ते त्याच्या एकट्याचं नव्हतं.

ताई रविवारी फोनवर म्हणाली, "पुण्याला आलेच नसते तर बरं झालं असतं. ती सगळी वर्षं पुसता आली ना, तर आत्ता पुसून टाकेन."

मी हं म्हणाले आणि मग आईच्या गुडघ्यांचा विषय काढला.

तिचं म्हणणं मला कळतं. भाऊजींचं सगळं मी जवळून पाहिलंय, तिची ती शेवटची दिवाळी पाहिलीय, अजून त्यावर लिहिता येत नाही. तिला पुसावंसं वाटलं तर तिचं काय चुकलं? पण त्याच घराच्या पुढच्या खोलीत मी राहत होते. नारायण पेठेतलं ते घर, वाड्याचा तो लाकडी जिना, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर पाठवलेलं वरण. ताई रात्री उशिरा घरी आली की आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या उभ्याच जेवायचो, ताटं घ्यायचा कंटाळा म्हणून कढईतच पोळी बुडवून. मला नोकरी लागली ती त्या घरात. बाबा गेल्याचा फोन आला तोही त्याच घरात, आणि त्या रात्री तिने मला एक क्षण एकटं सोडलं नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात भरलेली वर्षं ती. आणि जिच्यामुळे ती भरली, तिलाच ती नकोत.

हेच खुपतंय. रविवारपासून भांडी घासताना, बसमध्ये, ऑफिसात तेच. तिने मला नको म्हटलेलं नाही, हे कळतं. तरी असं वाटतं की तिच्या हातात खडू दिला तर ती लिहील, आणि मी त्यात जाईन. तिच्या लक्षातही येणार नाही की मी त्यात होते. रस्त्यात भेटलो तर आम्ही बहिणीच असू, तेवढं तरी राहील. पण ओट्यापाशी उभ्या राहून जेवणाऱ्या त्या दोघी कुठे असतील?

हे लिहिता लिहिता डोळ्यांत पाणी आलं. थोडा वेळ थांबले.

उठून चहा केला आणि कपाटातून 'नाइट वॉच'चं पुस्तक काढलं. अँड्र्यू ब्रॉमफील्डचा इंग्रजी अनुवाद आहे माझ्याकडे. दुसरा चित्रपट 'डे वॉच' या नावाने आला, पण त्याची कथा त्या नावाच्या पुस्तकातली नाही. ते पुस्तक या मालिकेचा लेखक लुक्यानेन्को याने व्लादिमीर वासिल्येवबरोबर लिहिलंय, त्याची गोष्ट निराळी. चित्रपटातली देहांची अदलाबदल, खडू, अंतोनवर आलेला खुनाचा आळ, हे सगळं 1998च्या पहिल्याच पुस्तकातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या कथांवरून उचललंय. दिग्दर्शक बेकमाम्बेतोवने त्यात आपलं पुष्कळ घातलं. सुरुवातीचा तैमूरलंगचा किल्ला त्याचाच. चक्रव्यूहाची वाट शोधत बसण्याऐवजी भिंती फोडून सरळ आत घुसणारा तैमूर मला फार आवडतो. दिग्दर्शकाचंही नाव तैमूर, तो आणि लेखक दोघेही कझाकस्तानात जन्मलेले, त्यामुळे तो प्रसंग उपरा वाटत नाही, मातीतून उगवल्यासारखा येतो. रशियात हा चित्रपट लागला 1 जानेवारी 2006 ला, नव्या वर्षाच्या सुट्टीत. शहर जमीनदोस्त होऊन पुन्हा उभं राहताना पाहायला लोक त्याच शहरातल्या थिएटरांत बसले होते. मला तिथे असायला आवडलं असतं.

पण मी पुस्तक काढलं ते खडूसाठी.

पुस्तकात येगोर अंतोनचा मुलगा नाही. तो कुठलाही एक मुलगा आहे, उजेडाकडे जायचं की अंधाराकडे हे ज्याचं अजून ठरलेलं नाही असा. आणि पुस्तकात खडू स्वेतलानाच्या हातात आहे! गच्चीवर वादळ उठलंय, नशिबाचं पुस्तक तिच्यापुढे उघडं आहे, आणि त्या मुलाचं आयुष्य तिने नव्याने लिहावं अशी वरिष्ठांची योजना आहे. अंतोन तिथे पोचतो खरा, पण खडू तिच्याकडेच राहतो. आणि ती काय करते? ती त्या मुलासाठी लिहून ठेवलेलं पुसते आणि नवीन काहीच लिहीत नाही. त्याचं त्याला ठरवू देते. गेसेरचा खरा डाव तर भलताच निघतो, खडूचा दुसरा अर्धा तुकडा ऑल्गासाठी वापरून झालेला असतो. तो भाग वाचताना दर वेळी गेसेरचा राग येतो. पडद्यावर व्लादिमीर मेन्शोव्ह असल्यामुळे तो राग तितका येत नाही. 'मॉस्को अश्रूंवर विश्वास ठेवत नाही' हा चित्रपट ज्याने केला त्या माणसाच्या चेहऱ्यावरच एक जबाबदारी आहे.

म्हणजे चित्रपटाने स्वेतलानाच्या हातातला खडू काढून अंतोनच्या हातात दिला. हे मला आधी माहीत नव्हतं असं नाही, दोन्ही वाचून-पाहून झालेलं होतं. पण आज ते शेजारी शेजारी ठेवलं तेव्हा जाणवलं की मला नेमकं काय बोचत होतं. बापाची गोष्ट सांगायची होती म्हणून बेकमाम्बेतोवने तसं केलं, आणि बापाची गोष्ट म्हणून ती उत्तम आहे. अंतोन झालेल्या कॉन्स्तान्तीन खाबेन्स्कीचा तो सुजलेला, थकलेला, सतत माफी मागत असल्यासारखा चेहरा नसता तर ती टिकली नसती. पण त्यात स्वेतलाना नुसती 'भेटणारी' उरते. पुस्तकांत ती उरत नाही, राहते. अंतोनशी लग्न करते, त्यांना नाद्या होते, ती मुलगी पुढे सगळ्या जादूगारांपेक्षा मोठी ठरते, आणि 2014च्या 'सिक्स्थ वॉच'पर्यंत स्वेतलाना त्या घरात आहे, भांडते आहे, पोरीला सांभाळते आहे. तिची वर्षं कोणी पुसलेली नाहीत.

तिसरा चित्रपट आलाच नाही. बेकमाम्बेतोव हॉलिवूडला 'वॉन्टेड' करायला गेला आणि ते राहिलं ते राहिलंच. अलिसा झालेली झान्ना फ्रिस्के 2015 मध्ये गेली, झोलोतुखिन हा नट त्याआधी, मेन्शोव्ह 2021 मध्ये. आता तो आला तरी ती माणसं नसतील. एके काळी या गोष्टीची मला फार हळहळ वाटायची. आज तितकी वाटत नाही. नाद्या पडद्यावर कधी आली नाही, तरी मला ती ठाऊक आहे.

आणि ताईचं. तिने पुसावं. खरंच पुसावं तिला हवं तर. तिच्या वाट्याला त्या घरात जे आलं ते माझ्या वाट्याला आलं नाही, मी पुढच्या खोलीत होते आणि ती आतल्या. तिने ती वर्षं जपून ठेवावीत असं म्हणायचा मला हक्क नाही. पण ती गेली म्हणून माझीही जातील असं नाही, एवढं आज रात्री पहिल्यांदा वाटलं. कढई माझ्याकडेच आहे, खरीखुरी. घर सोडताना मी ती आणली होती आणि ताईने विचारलंही नव्हतं. आत्ताही गॅसवर तीच आहे, काठावरचा एक कान हललेला, भाजी ढवळताना फडक्याने धरावी लागते. तिच्यावर ताईचा हक्क माझ्याइतकाच आहे आणि ती तिला नको आहे. ठीक आहे. मी वापरेन.

अजून थोडं दुखतंय. दुखेल काही दिवस.

शनिवारी ती राहायला येतेय. येताना चकल्या आणते म्हणाली. आजपर्यंत तिला हे दोन्ही चित्रपट दाखवायचे मी टाळत आले, तिला भूतखेत आवडत नाहीत म्हणून. या वेळी दाखवणार आहे, आधी पहिला आणि मग लगेच दुसरा, सगळा शेवटापर्यंत. पहिल्यात येगोर पोहण्याच्या तलावात असतो आणि त्याला बोलावणाऱ्या त्या रक्तपिपासू बाईचे सबटायटलमधले शब्द पडद्यावर रक्तासारखे पाण्यात विरघळत जातात, तिथे ती माझा दंड घट्ट धरणार. गाडीचा प्रसंग तिला नक्की आवडेल. अंतोन भिंतीवर लिहील तेव्हा ती म्हणेल, बरं केलं, असंच करायला हवं होतं. आणि मग मी तिला स्वेतलानाबद्दल विचारणार आहे. या वेळी आईच्या गुडघ्यांचा विषय काढणार नाही. ती चिडेल, मीही चिडेन, खालच्या मजल्यावरचे दार वाजवतील एवढ्या मोठ्याने आम्ही भांडू. तिला माझी बाजू पटेल असं नाही. पण तिला ती ऐकू तर जाईल.