आमची वाटचाल : ‘हें तांबडें कित्याक?’

फोंड्यात आमचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एका फार्मसीच्या वरचा माळा, चार टेबलं, एक इन्व्हर्टर आणि पावसात हमखास गळणारी एक खिडकी. आम्ही पाच जणं. लोकांच्या धंद्याचे आकडे घेऊन त्यांचे डॅशबोर्ड (म्हणजे सगळे आकडे एका नजरेत दाखवणारं स्क्रीनवरचं पान) नि रिपोर्ट करून देतो, आणि गेली काही वर्षं त्याच रिपोर्टांत छोटे छोटे व्हिडिओ बसवून देतो. हे दुसरं काम आम्ही ठरवून सुरू केलं नव्हतं, ते गळ्यात पडलं. कसं पडलं तेच सांगतो.

मी मूळचा डिचोलीचा. खाणीच्या ऑफिसात डिस्पॅच बघायचो, आज किती ट्रक सुटले, जेटीवर किती टन पोचलं, बार्ज भरून मुरगांवला कधी निघाली, सगळं एक्सेलमध्ये. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि आमच्या भागात ट्रकवाल्यापासून चहाच्या गाड्यावाल्यापर्यंत सगळे एकदम घरी बसले. मी दोन-तीन वर्षं लोकांच्या टॅलीच्या एन्ट्र्या, व्हॅटचे रिटर्न असलं करत काढली. २०१५ मध्ये पॉवर बीआय, म्हणजे असले डॅशबोर्ड करायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर, सगळ्यांना मिळायला लागलं, डेस्कटॉप व्हर्जन फुकट, मी रात्री जेवण झाल्यावर जुन्याच डिस्पॅचच्या आकड्यांवर ते खेळून बघायचो, बायको म्हणायची खाण बंद आहे तरी तुझे ट्रक काय थांबत नाहीत. मग २०१७ ला जीएसटी आला. बाकीच्यांनी त्याला शिव्या घातल्या, आम्ही मात्र त्याच्यावर जगलो, कारण वह्यांत पडलेले हिशेब लोकांना कॉम्प्युटरवर आणावेच लागले आणि आकडे कॉम्प्युटरवर आले की कुणालातरी ते नीट बघायचे असतात. खाणी मधे थोड्या सुरू झाल्या होत्या, २०१८ च्या मार्चात परत बंद झाल्या, पण तोवर माझा परत जायचा विचार संपला होता.

सुरुवातीचे गिऱ्हाईक म्हणजे कुंडईचं एक पॅकिंगचं युनिट, कळंगुटच्या बाजूची दोन लहान हॉटेलं आणि एक काजूचा कारखाना. या काजूवाल्या शेठमुळेच पुढचं सगळं झालं. त्यांच्या डॅशबोर्डवर अख्ख्या, म्हणजे न फुटता निघालेल्या, गराचा टक्का दाखवणारा एक चौकोन होता, टक्का ठरलेल्या आकड्याच्या खाली गेला की चौकोन लाल. मला तेव्हा त्याचं फार कौतुक होतं. आणि दर सोमवारी सकाळी सव्वानऊला, मी स्कूटर लावतोय न लावतोय तोच, शेठचा फोन. नमस्कार नाही, काही नाही. ‘हें तांबडें कित्याक?’ म्हणजे, हे लाल का?

आता मी काय सांगणार? माझ्याकडे आकडा होता. कुठल्या शिफ्टला घसरला, कुठल्या लॉटला घसरला, तेवढं सांगायचो, शेठ म्हणायचे ते मला दिसतंय रे, पण कित्याक? मग मी सुपरवायझर बाईंना फोन करायचो, त्या कामात, त्या दुपारी सांगायच्या, मी ते शेठना सांगायचो, तोवर शेठ मडगावला गेलेले. असं वर्षभर चाललं.

तर एक दिवस डोक्यात आलं की आपण व्हिडिओच करून टाकू. स्क्रीन रेकॉर्ड करायचं ओबीएस फुकट मिळतं, त्यावर रेकॉर्ड केला, स्वतः बोललो, मागे बासरी लावली (का लावली देव जाणे), सात मिनिटांचा व्हिडिओ, ‘आपला डॅशबोर्ड कसा वाचावा’. यूट्यूबवर अनलिस्टेड टाकला, म्हणजे शोधून सापडत नाही, लिंक असेल त्यालाच दिसतो. पॉवर बीआयच्या डॅशबोर्डवर व्हिडिओची टाईल घालता येते, यूट्यूब नाहीतर विमिओची लिंक दिली की ती तिथंच वाजते, तशी घातली. झकास दिसत होतं. पंधरा दिवसांनी यूट्यूबचा तो ग्राफ उघडला, लोक कुठपर्यंत बघतात तो, तर पहिल्या अर्ध्या मिनिटातच रेघ तोंडावर पडलेली. बासरी संपायच्या आधीच सगळे गेलेले. आणि सोमवारी सव्वानऊला फोन आलाच.

तेव्हा मला राग आला होता, आता वाटतं शेठचंच बरोबर. चौकोन कसा वाचायचा हे त्यांना चांगलं कळत होतं. त्यांचा प्रश्न कारखान्यातला होता आणि मी उत्तर माझ्या स्क्रीनवरनं देत होतो.

वळण आलं ते सुपरवायझर बाईंमुळे. ऐन पावसाळा, टक्का सलग तीन आठवडे लाल, मी फोन केला तर त्या म्हणाल्या तुम्हाला बोलून कळायचं नाही, थांबा. आणि व्हॉट्सॅपवर चाळीस सेकंदांची क्लिप आली. बोरम्यातनं काढलेले गर हातात, एक घेतला, दोन बोटांत जरा दाबला, कट्‌ करून दोन पाकळ्या. दुसरा घेतला, तसंच. ‘हें पळयात, चड सुकलें.’ हे बघा, जास्त सुकलं. बास. मागे मशीनचा आवाज, फोन तिरका, अर्धा अंगठा लेन्सवर.

ज्यांना काजूचं माहीत नाही त्यांच्यासाठी, बी फोडून गर काढला की तो बोरम्यात, म्हणजे गरम हवेच्या कपाटात, सुकवतात म्हणजे वरची साल सुटते. कमी सुकला तर साल चिकटून राहते, खरवडावी लागते. जास्त सुकला तर ठिसूळ होतो नि सोलतानाच फुटतो. पावसात हवेला ओल, म्हणून कुणीतरी बोरम्याची वेळ वाढवून ठेवली होती आणि ती जरा जास्तच वाढली होती. अख्खा गर आणि पाकळी यांच्या भावात किती फरक पडतो ते बाजारात जाऊन विचारा. डब्ल्यू ३२० ही काजूची एक प्रत, म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० अख्खे गर, ‘डब्ल्यू’ अख्ख्याचाच, फुटला की तो त्या ओळीतनंच बाहेर.

मी ती क्लिप तशीच, काही न कापता, त्या लाल चौकोनाशेजारी लावली. त्या सोमवारी फोन आला नाही. मला वाटलं शेठ आजारी बिजारी. दुपारी मीच केला तर म्हणाले, बघितलं, बोरम्याची वेळ कमी केली, तू कशाला फोन केलास?

त्यानंतर आम्ही स्वतः व्हिडिओ करणं बंद केलं. जो माणूस काम करतो तोच काढणार, उभ्याउभ्या, फोनवर, एका मिनिटाच्या आत, आम्ही फक्त योग्य आकड्याशेजारी बसवणार. ऐकायला सोपं आहे, पण बसवणं हेच खरं काम, त्यात आम्ही इतक्या वेळा आपटलो की सांगता सोय नाही.

पहिलं म्हणजे पॉवर बीआयमध्ये डॅशबोर्ड वेगळा आणि रिपोर्ट वेगळा. आपण बोलताना दोन्हीला डॅशबोर्डच म्हणतो. व्हिडिओची टाईल डॅशबोर्डवर मिळते, रिपोर्टच्या पानावर तसं आयतं काही नाही, हे मला कुंडईच्या गिऱ्हाइकाला ‘होऽऽ घालू की’ म्हणून बसल्यावर डेमोच्या आदल्या रात्री कळलं. त्यासाठी दुसऱ्यांनी केलेले जोड, बाहेरचे व्हिज्युअल, मिळतात, पण काही कंपन्यांचे आयटीवाले ते चालू देत नाहीत. शेवटी साधा उपाय केला, आजही तोच करतो. क्लिपांचं एक वेगळं टेबल, तारीख, विभाग, शिफ्ट, कारण, लिंक. लिंकच्या कॉलमला वेब यूआरएल असा प्रकार द्यायचा, लांबलचक पत्त्याऐवजी छोटं चिन्ह दिसेल असं सेटिंग करायचं. मग शिफ्टवर क्लिक केलं की त्याच शिफ्टच्या क्लिपा खाली राहतात, चिन्ह दाबलं की नव्या टॅबमध्ये उघडते. दिसायला काही खास नाही, पण चालतं.

टॅब्लोवालं (तेही पॉवर बीआयसारखंच सॉफ्टवेअर) एकच गिऱ्हाईक आलं, तिथं वेब पेजचा डबा घालता येतो, पण यूट्यूबची नेहमीची वॉचवाली लिंक टाकली तर डबा कोरा, कारण यूट्यूब ते पान दुसऱ्याच्या चौकटीत उघडू देत नाही, एम्बेडवाली, म्हणजे दुसऱ्याच्या पानात बसवायची, लिंक द्यावी लागते. एवढ्यासाठी आमचा एक मुलगा चवथीच्या सुट्टीत दोन दिवस घालवून बसला होता, घरी गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायची सोडून. हॉटेलवाल्यांना आम्ही गूगलच्या लुकर स्टुडिओवर ठेवलंय, तेच ते जुनं डेटा स्टुडिओ, २०२२ ला नाव बदललं, त्यात यूआरएल एम्बेडमधनं यूट्यूब सरळ बसतं आणि पैसेही पडत नाहीत.

वेर्ण्याच्या एका औषधांच्या युनिटमध्ये यूट्यूबच बंद. फायरवॉल, कंपनीच्या नेटवरचा पहारा. सहा क्लिपा लावून गेलो आणि सहाही जागी कोरे चौकोन, समोर क्वालिटीच्या मॅडम बसलेल्या. त्यांच्या क्लिपा मग त्यांच्याच शेअरपॉईंटवर, म्हणजे कंपनीच्या आतल्या फायली ठेवायच्या जागेवर, ठेवल्या. आणि त्या सहा प्लेअरांचंही खरं म्हणजे चुकलंच होतं, प्रत्येक प्लेअर आपलं आपलं सामान घेऊन येतो, पान जड होतं, वाळपईच्या बाजूला फोनवर उघडायचं म्हणजे चहा होऊन यायचा. आता पानावर फार तर एक प्लेअर, बाकी चित्र नाहीतर चिन्ह.

आवाजाचंही तसंच. ब्राउझर आवाजासकट व्हिडिओ आपोआप वाजू देत नाहीत, आणि आमचे शेठलोक तरी कुठे आवाज लावतात, देवळात किंवा मीटिंगमध्ये बसून बघतात. म्हणून क्लिपेवर एक ओळ लिहितो. ‘बोरमा जास्त झाला.’ एवढीच. कामगार ओडिशाचे, कर्नाटकचे, सुपरवायझर कोंकणीत बोलणार, अकाउंटंट मराठीत वाचणार, ओळ असली की सगळ्यांचं भागतं.

आता ती चूक सांगतो जी आठवली की अजून पोटात गोळा येतो. चूक आमची होती, गिऱ्हाइकाची नाही. एका हॉटेलवाल्यांना प्रत्येकासाठी पॉवर बीआयचं लायसन घ्यायचं नव्हतं (तेव्हा माणशी महिना दहा डॉलर होते, २०२५ पासून चौदा), तर आम्ही पॉवर बीआयमधलं ‘पब्लिश टू वेब’ वापरून लिंक देऊन टाकली. ती लिंक ज्याच्याकडे जाईल त्याला सगळं दिसतं, पासवर्ड नाही, काही नाही, हे आम्हाला माहीत होतं, तरी वाटलं कोण बघतोय. मालकाच्या भाच्याने कौतुकाने घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकली. त्यात नाश्त्याच्या वेळच्या गर्दीची एक क्लिप, आणि क्लिपेत गिऱ्हाइकांचे चेहरे, टेबलावर बसलेलं एक कुटुंब स्वच्छ दिसतंय. शेवटी मालकाच्या बहिणीनेच फोन करून सांगितलं की अरे हे काय. आम्ही अर्ध्या तासात सगळं काढलं, मी स्वतः जाऊन माफी मागितली, त्या महिन्याचं बिल लावलं नाही.

तेव्हापासून ती सोय आमच्याकडे बंद. अनलिस्टेड म्हणजे खाजगी नव्हे, लिंक मिळाली की कुणीही बघू शकतो, हे आता नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगतो. आणखी एक गंमत, रिपोर्टमध्ये कुणाला कुठल्या ओळी दिसाव्यात ते बांधून ठेवता येतं, पण त्यामुळे फक्त ओळ लपते, व्हिडिओ जिथे ठेवलाय तिथे तो उघडाच असतो, दार वेगळं आणि कुलूप वेगळ्याच खोलीला. चेहरे घ्यायचे नाहीत, हात नि माल घ्यायचा, कामगाराला विचारल्याशिवाय फोन वर करायचा नाही. २०२३ चा डेटावाला, म्हणजे लोकांची खाजगी माहिती जपायचा, कायदा आलाय तो आहेच, पण आम्ही शिकलो ते त्या भाच्याकडून.

कागदाचं राहिलं. पीडीएफ काढली की व्हिडिओ मेला, आणि आमचे अर्धे मालक सोमवारी प्रिंट काढून फ्लोअरवर हिंडतात, ते काही बदलायचे नाहीत. म्हणून आकड्याशेजारी एक क्यूआर कोड छापतो, कागद मशीनवर ठेवून फोन धरायचा. ही कल्पना ऑफिसातल्या धाकटीची, तिने मासळी मार्केटात बांगड्यांच्या पाटीला टेकवलेला पेमेंटचा क्यूआर बघितला होता.

पैशाचं म्हणाल तर सुरुवातीला आम्ही मिनिटावर बिल लावायचो, तो शुद्ध मूर्खपणा, कारण मग आमच्याच मुलांना व्हिडिओ लांबवावासा वाटायचा. आता महिन्याचं ठरलेलं घेतो, त्यात क्लिपा कितीही. जुनी झालेली क्लिप काढून टाकणंही त्यातच, नाहीतर आषाढातली क्लिप माघात लाल चौकोनाशेजारी बसून खोटं बोलते. क्लिपा सुपरवायझर व्हॉट्सॅपवर पाठवतात, धाकटी चढवते, टेबलात ओळ घालते. मधे आम्ही मोठा शहाणपणा करून गूगल फॉर्म दिला होता, फाईल चढवायला त्यात गूगलचं लॉगिन लागतं, महिनाभरात एकही क्लिप आली नाही. व्हॉट्सॅपमध्ये क्वालिटी कमी होते म्हणून आमचा एक पोरगा कुरकुरतो, पण त्यामुळेच क्लिप हलकी होते नि वाळपईला उघडते.

काजूवाले शेठ अजून आहेत. मागच्या आठवड्यात, सोमवारी सव्वानऊला, फोनऐवजी त्यांच्याकडनंच क्लिप आली. गोदामात उभे, कच्च्या बियांची गोणी उघडलेली, मूठभर बिया हातावर, काही काळपट, शेवटी आवाज, ‘हें कित्याक?’ धाकटीने ती चढवायला घेतली आणि थांबली. आमच्या टेबलात कारणाचा कॉलम आहे, प्रश्नाचा नव्हता. तो त्या दिवशी घातला.