तंदुरुस्त असल्याचा दाखला

श्वसनविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात दाखला मागणारे रुग्ण रोजच येतात आणि त्यांतील बहुतेकांना आजारपणाचा दाखला हवा असतो. त्या दिवशी मात्र, फुप्फुसाचा क्षयरोग असल्याचे निदान ऐकल्यानंतर दोन मिनिटेही झाली नसतील, तोच चाळिशीच्या एका रुग्णाने आपण कामासाठी पूर्ण तंदुरुस्त असल्याचा दाखला माझ्याकडे मागितला. "आजारी असल्याचा कागद दाखवला तर फोन येणंच बंद होईल," असे त्याने अगदी शांतपणे सांगितले.

त्याचा खोकला दोन महिन्यांपासूनचा होता. वजन उतरले होते, रात्री घाम फुटत होता. पण रात्रभर गोदामात खोकी बांधणाऱ्या माणसाला घामाचे वेगळे काही वाटले नव्हते. सकाळी घेतलेल्या थुंकीच्या नमुन्याची जीनएक्सपर्ट चाचणी साधारण दोन तासांत पूर्ण झाली. जंतू सापडले, पण रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला दाद न देणारे नव्हते, हे त्यातल्या त्यात समाधानकारक होते. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने दोन, एकूण सहा महिने. परिणामकारक औषधे सुरू झाल्यावर संसर्ग पसरवण्याची शक्यता झपाट्याने कमी होते आणि सुधारणा नीट दिसली तर सर्वसाधारणपणे दोन आठवड्यांनंतर कामावर परतता येते, असे सर्व मी त्याला समजावून सांगितले. औषधांविषयी त्याने एकही प्रश्न विचारला नाही. "दोन आठवडे" हे शब्द मात्र त्याने पुन्हा उच्चारले आणि मग दाखल्याची गोष्ट काढली.

त्याची रोजगाराची व्यवस्था समजून घेण्यात माझा बराच वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. संध्याकाळी गोदामाला कामगार पुरवणाऱ्या एजन्सीकडून मोबाइलवर संदेश येई. त्याला लगेच होकार कळवला नाही, तर ती पाळी दुसऱ्याला मिळे. दोन-तीनदा नकार दिलेल्या माणसाचे नाव यादीत खाली जाई आणि यादीत खाली जाणे म्हणजे काय, हे कोणी लेखी कळवत नसे; संदेश यायचे थांबत, एवढेच. या अनिश्चिततेवर उपाय म्हणून त्याने आठवड्यातील काही सकाळी एका वृद्धाश्रमात साफसफाईचे दुसरे काम धरले होते, तेही दुसऱ्याच एका कंत्राटदारामार्फत. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी 1700 साली डॉक्टरांना सांगितले होते की, रुग्णाला त्याचा व्यवसाय कोणता हेही विचारत जा. तो प्रश्न मी विचारला, पण या माणसाकडे त्याचे एका शब्दात देता येईल असे उत्तर नव्हते. कोणत्या मालकाचे किती तास, याची बेरीज त्याने स्वतःही कधी केलेली नव्हती.

क्षयरोगाच्या निदानानंतर संपर्कातील व्यक्तींची यादी करावी लागते. बंद जागेत रुग्णासोबत बराच काळ श्वास घेतलेल्या प्रत्येकाची तपासणी करायची, ज्यांना लागण होऊनही आजार झालेला नाही त्यांना प्रतिबंधक उपचार द्यायचे आणि घरात पाच वर्षांखालील मुले असतील तर त्यांची विशेष काळजी घ्यायची, अशी ही पद्धत आहे. बायकोचे आणि दोन मुलांचे नाव त्याने लगेच सांगितले. कामावरच्या सोबत्यांचा विषय निघाला तेव्हा मात्र तो गप्प झाला. गोदामापर्यंत नेणाऱ्या एजन्सीच्या गाडीत रोज दहा-बारा जण दाटीवाटीने बसत, काचा बंद असत आणि माणसे रोज बदलत, एवढे त्याने सांगितले. नावे विचारल्यावर तो म्हणाला, "डॉक्टर, माझं काम जायचं ते जाईल. त्या पोरांची नावं माझ्या तोंडून जायला नकोत."

अशा रुग्णांना बेजबाबदार म्हणण्याची आमच्या क्षेत्रात सवय आहे आणि ती मला अन्यायकारक वाटते. त्याला संसर्ग म्हणजे काय हे कळत होते. मुलांना तपासणीसाठी त्याच दिवशी आणायलाही तो तयार होता. आपल्या शब्दामुळे दुसऱ्याच्या घरातले उत्पन्न बंद पडेल, हेही त्याला तितक्याच स्पष्टपणे कळत होते. ज्या व्यवस्थेत खरे बोलण्याची किंमत बोलणाऱ्याच्या सोबत्यांना मोजावी लागते, तिथे कितीही अचूक यंत्र आणले तरी यादी अपुरीच राहणार.

दुपारी आमच्या आरोग्य निरीक्षकांना सोबत घेऊन मी वृद्धाश्रमात गेले. तिथल्या मेट्रनबाईंना काही पटवून द्यावे लागले नाही. 2020 च्या मार्चमध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, कर्कलंड येथील एका शुश्रूषागृहातून कोविडचा संसर्ग इतर संस्थांमध्ये कसा पोहोचला याचा तपास झाला, तेव्हा लक्षणे असतानाही कामावर आलेले आणि एकाहून अधिक संस्थांत काम करणारे कर्मचारी हे त्यामागील कारणांपैकी एक असल्याचे नोंदवले गेले होते. बाईंना तो तपास ठाऊक होता. त्यांनी सर्व निवासींची आणि सर्व कर्मचाऱ्यांची, कंत्राटी असोत वा कायम, सरसकट तपासणी करण्यास संमती दिली. उतारवयात रोगप्रतिकारशक्ती उणावते, मधुमेह असेल तर क्षयाचा धोका आणखी वाढतो. तिथल्या बऱ्याच निवासींच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

गोदामाचा अनुभव वेगळा होता. तेथील व्यवस्थापक सौजन्याने बोलले, परंतु रात्रपाळीची हजेरी द्यायला तयार नव्हते, कारण त्यांच्या म्हणण्यानुसार ती त्यांची माणसे नव्हतीच. एजन्सीला फोन केला तर तिकडून सांगण्यात आले की, आम्ही केवळ काम आणि माणूस यांची गाठ घालून देतो, कामाच्या जागेची जबाबदारी आमची नाही. गाडी तिसऱ्याच कोणाची होती. आठवड्याचे सहा दिवस राबणारी ही माणसे कागदोपत्री कोणाचीच नव्हती, आणि संसर्गाचा माग काढणाऱ्यांच्या दृष्टीने ती अशा रीतीने हरवणे अतिशय गंभीर आहे.

अखेर आम्ही नावांचा आग्रह सोडून दिला. रुग्ण कोण हे कोणालाही न सांगता, पाळी सुरू होण्याआधी फाटकापाशी येणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करायची, निकाल फक्त त्या व्यक्तीलाच कळवायचा आणि तपासणीचा वेळ पगारी धरायचा, असे मी व्यवस्थापकांपुढे मांडले. शेवटच्या मुद्द्यावर सर्वाधिक घासाघीस झाली. पण निरीक्षकांनी संसर्गजन्य रोगांसंबंधी आपल्या अधिकारांची आठवण करून दिल्यावर तो मान्य झाला.

त्या संध्याकाळी फाटकापाशी उभ्या असलेल्या आमच्या सिस्टरनी आपण होऊन रक्तदाबही मोजायला घेतला. तिशीतील कितीतरी जणांचा रक्तदाब चढलेला निघाला आणि बहुतेकांना तो आधी कधी कोणी मोजल्याचे आठवत नव्हते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी जास्त असतो आणि एकट्या 2016 या वर्षात अशा दीर्घ कामामुळे पक्षाघाताने व हृदयविकाराने सुमारे 7 लाख 45 हजार मृत्यू झाले. फाटकावरच्या माणसांची अडचण अशी की, कोणत्याही एका मालकाच्या वहीत त्यांचे 55 तास भरत नाहीत. दोन-तीन वह्या एकत्र केल्या तरच ते दिसतात आणि त्या एकत्र करणे हे कोणाचेच काम नाही. शिवाय प्रश्न केवळ तासांचा नसतो. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हाइटहॉल पाहणीत, आपल्या खात्याचे खासगीकरण होणार असे कळलेल्या कर्मचाऱ्यांनी, नोकरी प्रत्यक्षात जाण्याआधीच, आपली प्रकृती खालावल्याचे सांगितले होते. ती माणसे तुलनेने सुस्थितीतील होती आणि त्यांची टांगणी केव्हातरी संपणार होती. इथे संदेशाची वाट पाहणे रोज संध्याकाळी नव्याने सुरू होते.

या तपासणीत क्षयाचे आणखी दोन रुग्ण सापडले. त्यांपैकी एक त्या गाडीचा चालक होता. तो गोदामात पाऊलही ठेवत नसल्याने हजेरी मिळाली असती तरी त्याचे नाव तिच्यात नसते.

आमच्या रुग्णाला तंदुरुस्तीचा दाखला देणे मला शक्य नव्हते. रोगाचे नाव न घालता, उपचार सुरू असून प्रकृतीत अपेक्षित सुधारणा झाल्यास अमुक तारखेनंतर कामावर घेण्यास वैद्यकीय हरकत नाही, असे पत्र मी दिले. दोन आठवड्यांनी ते घेऊन तो गेला, पण एजन्सीचा संदेश पुन्हा आला नाही. वृद्धाश्रमाने मात्र त्याला परत घेतले आणि उपचार पूर्ण करता आले ते त्यामुळेच, असे माझे मत आहे. क्षयाचे औषध फुकट मिळाले तरी आजार फुकट होत नाही. घराच्या वार्षिक उत्पन्नाच्या 20 टक्क्यांहून अधिक भार पडला तर जागतिक आरोग्य संघटना त्याला आपत्तीजनक खर्च म्हणते, जगभरातील जवळपास निम्म्या क्षयरुग्णांच्या कुटुंबांवर तो कोसळतो आणि बुडालेली मजुरी हा त्याचा मोठा भाग असतो.

आजारपणात मजुरी मिळण्याची कल्पना नवीन नाही. 1952 च्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 102 क्रमांकाच्या करारात आजारपणाचा भत्ता एका आजारासाठी किमान 26 आठवडे देण्याची तरतूद आहे. क्षयाचा नेहमीचा उपचारही नेमका तेवढाच चालतो. परंतु एकूण कर्मचाऱ्यांपैकी निम्म्यांना संरक्षण दिले तरी तो करार पाळला असे धरता येते, आणि उरलेल्या निम्म्यांत कोण राहते हे मी त्या दिवशी फाटकापाशी पाहिले.

संपर्कांची यादी तपासताना आणखी एक गोष्ट पुढे आली. ती एजन्सी आमच्या रुग्णालयालाही रात्रपाळीचे सफाई कामगार पुरवत होती आणि क्षयाच्या वॉर्डाची फरशी पुसणारी माणसे त्याच गाडीतून येत होती. त्यांची तपासणी आम्ही दुसऱ्याच दिवशी केली. त्यानंतर सफाईच्या कंत्राटात एक कलम घालण्याची शिफारस मी प्रशासनाकडे लेखी पाठवली: संसर्गजन्य आजारामुळे घरी थांबवलेल्या कामगाराची मजुरी चालू राहील आणि त्याची पाळी त्याच्यासाठी राखून ठेवली जाईल. वित्त विभागाने खर्चाचा तपशील मागितला, तो मी दिला आहे. कंत्राटाच्या नूतनीकरणाची बैठक पुढच्या महिन्यात आहे.